मॉडेल रेल्वेच्या पुलाखालची नदी: इपॉक्सीने पाणी करायची पूर्ण कृती

मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर, म्हणजे छोटे रूळ, डोंगर, पूल उभारलेल्या देखाव्यावर, पाणी दाखवायचं ठरलं की बहुतेक जण आधी इपॉक्सी (हार्डनर मिसळल्यावर काचेसारखं घट्ट होणारं पातळ रेझिन) मागवतात आणि मग नदीचा विचार करतात. क्रम उलटा हवा. इपॉक्सी म्हणजे फक्त वरचा पारदर्शक, चकचकीत थर. पाणी खोल आहे की उथळ, गढूळ आहे की नितळ, वाहतंय की साचलंय, हे सगळं ठरतं त्याच्या खालच्या रंगावर आणि काठाच्या मातीवर. तळ आणि काठ जमले असतील तर तीन मिलिमीटर रेझिनसुद्धा नदी वाटतं. ते जमले नसतील तर कितीही महागाचं रेझिन ओता, मांडणीत टेबलावरची काच बसवल्यासारखं दिसतं.

पुढची सगळी कृती एका ठरावीक उदाहरणावर सांगतो, म्हणजे मापं आणि रंग हवेत राहणार नाहीत. उदाहरण असं: कोकण रेल्वेवरचा एक छोटा काँक्रीटचा पूल, खाली रत्नागिरी जिल्ह्यातला एखादा पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, महिना ऑक्टोबरचा. स्केल एचओ, म्हणजे १:८७, खऱ्या मापाच्या सत्त्याऐंशीपट लहान. पाण्याची पट्टी ६० सेंटिमीटर लांब आणि साधारण १२ सेंटिमीटर रुंद. तुमचं स्केल किंवा नदी वेगळी असेल तर आकडे बदला, क्रम बदलू नका.

आधी नदी ठरवा

कोकण रेल्वेचा पूल म्हटलं की सगळ्यांना रत्नागिरीजवळचा पानवल नदीवरचा पूल आठवतो. ६४ मीटर उंच, ४२४ मीटर लांब. एचओमध्ये तो करायचा तर उंची जवळजवळ ७४ सेंटिमीटर आणि लांबी ४ मीटर ८७ सेंटिमीटर होते. एन स्केलमध्ये, म्हणजे १:१६० मध्ये, ४० सेंटिमीटर उंच आणि २ मीटर ६५ सेंटिमीटर लांब. घरचे हॉल रिकामा करून द्यायला तयार असतील तर जरूर करा. बाकीच्यांसाठी रोहा ते ठोकूर या ७४१ किलोमीटरच्या मार्गावर जवळपास दोन हजार पूल आहेत आणि त्यातले बहुतांश छोटेच आहेत. पऱ्या-वहाळांवरचे हे पूल कुणी फोटो काढायला थांबावं असे नसतात, पण मांडणीत तेच शोभतात.

महिना ठरवणं तितकंच महत्त्वाचं. जुलैमध्ये तोच पऱ्या जांभ्याच्या मातीने तांबडा लाल वाहत असतो, तळ दिसायचा प्रश्नच नाही. ऑक्टोबरात पाणी निवळतं, हिरवट होतं, काठाजवळचे दगड दिसायला लागतात, गवताला नुकती पिवळी झाक आलेली असते. एप्रिलमध्ये गोटे आणि मधेच एखादं डबकं. पहिल्या प्रयत्नासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबरच घ्या, कारण पारदर्शक पाण्याची खरी मजा तेव्हाच. एक गोष्ट स्पष्ट सांगतो: तुम्हाला पुराचं लाल पाणी करायचं असेल तर इपॉक्सीवर पैसे घालू नका. अपारदर्शक पाण्याला खोली दाखवायचीच नसते. गुळगुळीत पृष्ठभाग लाल-तपकिरी रंगवा, त्यावर ग्लॉस जेलने (चित्रकलेचं दाट, सुकल्यावर चकचकीत पारदर्शक होणारं मीडियम) लाटा काढा, काम झालं.

गाडीचा काळही याच वेळी पक्का करा. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण २०२२ साली पूर्ण झालं. त्याआधीचं दृश्य असेल तर डिझेल इंजिन आणि मोकळं आकाश. त्यानंतरचं असेल तर पुलावर तारांचे खांब येणार, आणि त्यांचं प्रतिबिंब तुमच्या चकचकीत पाण्यात पडणार. खांब आयत्या वेळी उभे करायचे ठरवलंत तर पाण्यावर ड्रिलचा भुगा पडेल.

आणखी एक गोष्ट कागदावर काम असतानाच बघा: मांडणी किती उंचीवर आहे? गुडघ्याएवढ्या टेबलावर असेल तर पाणी वरून दिसतं, म्हणजे तळ जास्त दिसतो. छातीएवढ्या उंचीवर असेल तर नजर तिरपी जाते, पृष्ठभागावरची चमक आणि प्रतिबिंब जास्त दिसतं, तळ कमी. पहिल्या प्रकारात तळाच्या रंगावर वेळ घालवा, दुसऱ्यात लहरींवर.

कोणतं रेझिन घ्यायचं

बाजारात रेझिन नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात आणि दुकानदार त्या एकाच नावाने देतो.

पहिली म्हणजे फायबरग्लासच्या कामाचं पॉलिएस्टर रेझिन. डब्याबरोबर हार्डनरची छोटीशी बाटली आणि कधी कधी कोबाल्टची जांभळट बाटली मिळते. वास उग्र, डोकं धरणारा. हे घेऊ नका. त्यातलं स्टायरिन थर्माकोल विरघळवून टाकतं आणि प्लास्टिकच्या पुलाचे खांबही खातं. हार्डनर थेंबांत घालायचा असेल तर ते पॉलिएस्टर आहे असं समजा. इपॉक्सीत हार्डनरचं प्रमाण बरंच मोठं असतं, रेझिनच्या निम्मं किंवा तिसरा हिस्सा, काहींत तर समसमान.

दुसरी म्हणजे टेबलटॉप किंवा कोटिंगची इपॉक्सी. थोडी दाट, एका वेळी साधारण ३ मिलिमीटरच्या थरासाठी, मिसळल्यावर अर्धा-पाऊण तास हाताळता येते. तिसरी कास्टिंगची इपॉक्सी: पातळ, सावकाश घट्ट होणारी, एका वेळी एक सेंटिमीटर किंवा त्याहून जाड ओतता येणारी. आपल्या उथळ पऱ्याला कोटिंगची पुरते. खाडी किंवा धरणाचा जलाशय करायचा असेल, दगडगोट्यांच्या फटींतून पाणी शिरायला हवं असेल, तर कास्टिंगची बरी, कारण ती पातळ असल्याने बुडबुडे आपोआप वर येतात. मात्र पातळ असल्यामुळेच ती गळतेही लवकर.

अ‍ॅराल्डाइटच्या पाच मिनिटांच्या नळ्या आणि एम-सील हेही इपॉक्सीच, पण या कामाचे नाहीत. नळ्यांमधलं पिवळसर आणि झटपट घट्ट होणारं, एम-सील म्हणजे पुट्टी. एम-सील मात्र भोकं बुजवायला जवळ असू द्या.

रेझिन जुनं घेऊ नका. बाटली उन्हात पडलेली, रंग चहासारखा झालेला असेल तर तो रंग पाण्यातही उतरतो.

हात आणि श्वास

घट्ट झालेली इपॉक्सी निरुपद्रवी असते, ओली नसते. कातडीला वारंवार लागली तर अ‍ॅलर्जी होते आणि एकदा झाली की ती सहसा जात नाही. मग नुसत्या वासानेही अंग खाजवायला लागतं. म्हणून नायट्राइलचे हातमोजे, पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट, उघडी खिडकी. वास कमी आहे म्हणजे धोका नाही असं समजू नका. घट्ट झालेल्या थराला पॉलिश पेपर मारताना धुळीचा मास्क हवाच, आणि शक्यतो पेपर ओला करून घासा. हाताला लागलंच तर साबण आणि पाणी. थिनर किंवा अ‍ॅसिटोनने हात पुसू नका, त्याने रेझिन कातडीत आणखी आत जातं. लहान मुलं आणि मांजर खोलीबाहेर, तेही रेझिन पूर्ण घट्ट होईपर्यंत.

तळ

आपल्याला ६ मिलिमीटर खोल पात्र लागेल. एचओमध्ये याची खरी खोली होते जेमतेम ५२ सेंटिमीटर, म्हणजे गुडघाभर पाणी. याहून खोल दाखवायचं असेल तर ते रंगाने दाखवायचं, खोदून नाही. दोन सेंटिमीटर खोल खड्डा करून तो रेझिनने भरणं म्हणजे पैशांचा चुराडा आणि उष्णतेला आमंत्रण.

पात्र घट्ट पायावर असू द्या. खाली १२ मिलिमीटरचा प्लायवूड, त्यावर एक्सपीएस फोमची (थर्माकोलहून घट्ट, दाणे नसलेला फोम) शीट आणि नदीचा आकार त्यात कापलेला, ही रचना सोयीची. साधा थर्माकोलही चालतो, पण त्याच्या दाण्यांमधल्या फटी जास्त, म्हणून त्यावर पीओपी किंवा वॉल पुट्टीचा अखंड थर हवा. इपॉक्सी थर्माकोल विरघळवत नाही, तरी घट्ट होताना तापते आणि त्या उष्णतेने फोम मऊ पडून खड्डा पडू शकतो. पुट्टीचा थर असला की ही भीती बरीच कमी होते.

तळ सपाट करू नका. मध्यभागापेक्षा बाहेरच्या वळणाला नदी खोल असते आणि आतल्या वळणाला वाळू साचते. पुलाच्या खांबाभोवती पाणी भोवरा करून माती उकरतं, म्हणून खांबाच्या बुडाशी किंचित खोलगट ठेवा. ही उतारचढाव पुट्टी ओली असताना बोटानेच होते.

मग स्पिरिट लेव्हल लावून बघा. इपॉक्सी आपली पातळी स्वतः धरते, तिला मांडणीच्या उताराशी देणंघेणं नाही. ६० सेंटिमीटरमध्ये बेस ३ मिलिमीटरने कललेला असेल तर एका टोकाला थर जाड आणि दुसऱ्या टोकाला तळ कोरडा. पायाखाली पुठ्ठ्याचे तुकडे घालून आत्ताच सरळ करा. नदीला मुद्दाम उतार हवा असेल तर टप्पे करा: मधे दगडांची एक आडवी रांग, तिच्या वर एक पातळी, खाली दुसरी. कोकणातले पऱ्ये तसेच उतरतात, त्यामुळे हे खरंही दिसतं.

वाळू आणि माती वेगवेगळ्या चाळणीने चाळून घ्या. गोट्यांसाठी २ ते ५ मिलिमीटरचे खडे, वाळूसाठी बारीक चाळ, गाळासाठी वस्त्रगाळ माती. समुद्रावरची वाळू आणली असेल तर गोड्या पाण्याने धुऊन कडक उन्हात वाळवा. आणि कोकणची कोणतीही वाळू किंवा जांभ्याची भुकटी मांडणीवर टाकण्याआधी तिच्यात चुंबक फिरवा. लोहयुक्त काळे कण चुंबकाला चिकटून येतात. ते काढले नाहीत तर एक दिवस इंजिनच्या मोटरमध्ये जाऊन बसतात.

खडे-वाळू पसरा, पाण्याच्या फवाऱ्याने ओलं करा, साबणाचा एक थेंब घातलेल्या पातळ फेव्हिकॉलने चिकटवा. एक भाग फेव्हिकॉल, तीन भाग पाणी. आता थांबायचं. वर कोरडं वाटलं तरी पुट्टी आणि फेव्हिकॉलच्या आत ओल असते, आणि तीच पुढे रेझिनमध्ये पांढुरके डाग आणि बुडबुडे म्हणून वर येते. कोरड्या हवेत एक आठवडा द्या. पावसाळ्यात जास्त.

रंग: खरी नदी इथे होते

ऑक्टोबरच्या पऱ्याला चार रंग पुरतात: काळा, गडद ऑलिव्ह हिरवा, मातकट तपकिरी आणि जांभ्याचा तांबूस. सगळे मॅट अ‍ॅक्रिलिक.

मधला खोल भाग जवळजवळ काळा रंगवा, त्यात हिरव्याची झाक. निळा अजिबात नको. नद्या निळ्या दिसतात त्या आकाशामुळे, आणि तुमच्या खोलीत आकाश नाही, पांढरं छत आहे. काळ्या-हिरव्यातून काठाकडे येताना ऑलिव्ह, मग मातकट, आणि शेवटचे दोन सेंटिमीटर वाळू-खड्यांचा नैसर्गिक रंग, फक्त पातळ तपकिरी पाणी फिरवून किंचित दबलेला. दोन रंगांमधली सीमा दिसता कामा नये. ओल्या स्पंजने थोपटत, रंग ओला असतानाच एकमेकांत मिसळा. एअरब्रश असेल तर हे काम झटक्यात होतं, पण स्पंजने येणारा ओबडधोबडपणा मला जास्त आवडतो.

कोरडं असताना हे सगळं भडक आणि कृत्रिम दिसेल. घाबरू नका. रेझिन पडलं की रंग एक-दोन छटा गडद होतात, ओला दगड होतो तसे. म्हणूनच प्लायवूडच्या एका तुकड्यावर हेच रंग, हीच वाळू, हेच सीलर आणि हेच रेझिन वापरून नमुना करून बघा. तो टाळावासा वाटतो, पण रंगाचा अंदाज त्याशिवाय येत नाही.

पुलाचे खांब याच टप्प्यावर पूर्ण करा. काँक्रीटच्या खांबावर पाण्याच्या रेषेपासून दीड-दोन सेंटिमीटर वरपर्यंत पुराची खूण असते: खाली शेवाळाचा काळपट हिरवा पट्टा, त्यावर सुकलेल्या गाळाचा फिका तपकिरी, त्यावर स्वच्छ राखाडी. पट्ट्यांच्या कडा सरळ पण किंचित ओघळलेल्या. शिवाय रेल्वेच्या पुलांच्या खांबांवर पूर पातळी वाचायला मोजपट्टी आणि इशाऱ्याच्या रेषा रंगवलेल्या असतात. एवढ्या दोन गोष्टी केल्या की पूल नदीत उभा वाटतो, नदीवर ठेवलेला नाही.

काठ

काठावर पाणी आणि जमीन यांच्यामध्ये ओल्या मातीची बारीक पट्टी असते, गडद आणि थोडी चमकदार. बहुतेक मांडण्यांत ती नसते. हिरवं गवत थेट चकाकत्या पाण्याला भिडतं आणि डोळ्याला खटकतं. अर्धा सेंटिमीटरची पट्टी गडद तपकिरी रंगवा.

गवत, झुडपं, केवड्याचं बेट, करंजाची वाकलेली फांदी हे सगळं रेझिननंतर लावा. रेझिन केशाकर्षणाने गवतात, काथ्याच्या तंतूंत, स्पंजात चढतं आणि सेंटिमीटरभर गडद, तेलकट डाग पडतो. पाण्यातून वर आलेलं लव्हाळं मात्र आधी हवं. त्याचे तंतू वार्निशने दोनदा सील करा.

पाण्यातल्या वस्तू खोलीच्या हिशोबाने कापा. म्हैस पूर्ण उभी ठेवली तर ती पाण्यावर चालताना दिसेल. डुंबणारी म्हैस म्हणजे फक्त पाठ, मान आणि शिंगं. बाकीची कापून टाका. होडीचा तळही पाण्याच्या रेषेवर सपाट घासा.

सील आणि बांध

लाकूड, पुट्टी, वाळू सगळ्यांत हवा असते. रेझिन त्यात शिरतं, हवा बुडबुड्यांच्या माळा होऊन बाहेर येते. उपाय एकच: पूर्ण पात्राला पाण्यावर आधारित मॅट वार्निशचे किंवा अ‍ॅक्रिलिक मीडियमचे दोन पातळ हात, प्रत्येक हात पूर्ण सुकू देऊन. खड्यांच्या खालच्या बाजूलाही ब्रश पोचला पाहिजे. याच वेळी बेसच्या खालची बाजू आणि कडाही रंगवून घ्या. नाहीतर पावसाळ्यात प्लायवूड ओल धरून फुगतो आणि काठापासून रेझिन सुटतं.

नदी मांडणीच्या कडेला येऊन संपत असेल तर तिथे बांध लागतो. ३ मिलिमीटरची अ‍ॅक्रिलिक पट्टी घ्या, तिला खाकी पॅकिंग टेप गुळगुळीत, सुरकुती न पडता चिकटवा आणि टेपची बाजू नदीकडे ठेवून स्क्रूने कसा. इपॉक्सी त्या टेपला धरत नाही, त्यामुळे नंतर पट्टी अलगद सुटते. सांध्याला बाहेरून ग्लू गन किंवा मुलांची खेळायची चिकणमाती. सिलिकॉन आतून लावू नका, त्याला इपॉक्सी चिकटत नाही.

गळती तपासायला पात्रात पाणी भरू नका, वाळवलेलं सगळं पुन्हा भिजेल. त्याऐवजी सुरुवातीला मिलिमीटरभर रेझिनचा थर ब्रशने तळाला आणि सांध्यांना फासा आणि घट्ट होऊ द्या. याने उरलेली छिद्रं बुजतात आणि हवाही कोंडली जाते. मला हा थर कधीही टाळावासा वाटत नाही. तरीही टेबलाखाली प्लास्टिक पसरा. पॉइंट मोटर (रुळाचा सांधा बदलणारी मोटर) किंवा वायरिंग नदीच्या खाली येत असेल तर ती काढून घ्या. रुळांवर मास्किंग टेप.

मोजणं आणि मिसळणं

आपली पट्टी ६० × १२ सेंटिमीटर, एक थर ३ मिलिमीटर. ६० × १२ × ०.३ म्हणजे २१६ मिलिलिटर. काठाकडे तळ चढत असल्याने थोडं कमी लागेल, भांड्याला चिकटून थोडं जाईल, २४० धरा. प्रमाण २:१ असेल तर १६० रेझिन, ८० हार्डनर.

हे प्रमाण घनफळाचं आहे की वजनाचं, बाटलीवर नीट वाचा. हार्डनर रेझिनपेक्षा हलका असतो. घनफळाने २:१ असलेली इपॉक्सी वजनाने साधारण १००:४५ होते. घनफळाचं प्रमाण वजनकाट्यावर वापरलं तर हार्डनर जास्त पडतो आणि थर चिकट राहतो. हार्डनर वाढवला की लवकर घट्ट होईल हा समज पॉलिएस्टरकडून आलेला, इथे उलट होतं.

खोलीचं तापमान २२ ते २८ अंश आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत असेल तेव्हा बसा. मुंबई-कोकणात जून ते सप्टेंबर हे जमत नाही. एसीची खोली असेल तर गोष्ट वेगळी. पुण्या-नाशिकच्या थंडीत रेझिन मधासारखं दाट होतं, तेव्हा बंद बाटली दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवा आणि बाहेरून पूर्ण पुसून मग उघडा. कोमट रेझिनने हाताळायचा वेळ घटतो, हे लक्षात ठेवा.

मिसळताना घुसळू नका. सपाट काडीने, आइस्क्रीमची चालते, तीन ते चार मिनिटं सावकाश फिरवा आणि दर थोड्या वेळाने भांड्याच्या भिंती आणि बूड खरवडा. मग सगळं दुसऱ्या स्वच्छ भांड्यात ओतून आणखी मिनिटभर. पहिल्या भांड्याच्या भिंतीला न मिसळलेलं रेझिन राहतं, ते खरवडून नदीत घातलं की नेमका तिथेच कायमचा चिकट डाग.

रंग पहिल्या थरातच. रेझिनसाठीचा हिरवा आणि तपकिरी रंग टूथपिकच्या टोकाला लावून बुडवा. एवढ्या रेझिनला तेवढाच पुरतो. भांड्यात बघून रंग ठरवू नका, कारण तिथे पाच-सहा सेंटिमीटरची खोली आहे. पांढऱ्या टाइलवर थोडंसं ओतून ३ मिलिमीटरच्या जाडीत बघा. वरचा दुसरा थर बिनरंगाचाच ठेवा.

ओतणं

मिसळलेलं रेझिन भांड्यात ठेवून फोन घ्यायला जाऊ नका. एकत्र साठ्यात ते स्वतःच्या उष्णतेने आणखी तापतं, तापल्याने आणखी वेगाने घट्ट होतं आणि अखेर भांडं हातात धरवत नाही. पसरलं की उष्णता निघून जाते. म्हणून लगेच ओता. नदीच्या मध्यापासून सुरुवात करा, जवळून, बारीक धारेने, आणि काडीने काठाकडे ढकला. काठाला ते स्वतः पोचू द्या. काठावर थेट ओतलं तर मातीवर ओघळ येतो. खांबांच्या मागे, दगडांच्या आडोशाला कोरडे कोपरे राहतात, तिथे टूथपिक फिरवा.

पाच-दहा मिनिटांत बुडबुडे वर येतील. हीट गन किंवा छोटा गॅस टॉर्च वीसेक सेंटिमीटरवरून, सतत हलवत. एका जागी थांबलात तर फोम वितळेल, प्लास्टिकचा पूल वाकेल. पुलाखाली टॉर्च नेऊच नका. तिथे स्ट्रॉमधून हलकी फुंकर मारा किंवा सुईने फोडा.

मग झाका. मोठा पुठ्ठ्याचा खोका उलटा ठेवला की झालं. संध्याकाळी ट्यूबलाइट लावून हे काम करू नका. पाऊस संपता संपता बारीक किडे किती येतात ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्यांना ओलं रेझिन फार आवडतं. किडा पडलाच आणि रेझिन अजून वाहतं असेल तर चिमट्याने उचला. घट्ट व्हायला लागलं असेल तर हात लावू नका. पूर्ण कडक झाल्यावर तेवढी जागा घासा, दुसऱ्या थरात ओरखडे दिसेनासे होतात.

उरलेलं रेझिन मोरीत ओतू नका आणि ओलं असताना कचऱ्यातही टाकू नका. अ‍ॅल्युमिनियम फॉइलवर पातळ पसरून घट्ट होऊ द्या, मग टाका.

दुसरा थर

पहिला थर बोटाला चिकट लागतो पण उचलला जात नाही, अशा अवस्थेत असेल तर दुसरा थेट त्यावर ओतता येतो; दोन्ही थर एकमेकांना धरतात. ही वेळ प्रत्येक इपॉक्सीची वेगळी, बाटलीवर दिलेली असते. ती टळली तर पूर्ण कडक होऊ द्या, ३२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमक घालवा, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, मग ओता.

दमट हवेत कधी कधी वर मेणचट, धुरकट पापुद्रा येतो. हार्डनरमधल्या अमाइन या रसायनाची हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी होणारी ही प्रक्रिया आहे. कोमट साबणपाण्याने धुतलं की जातो. मात्र धुतल्याशिवाय त्यावर पुढचा थर ओतला तर तो सुटतो.

पूर्ण घट्ट व्हायला दोन-तीन दिवस लागतात. त्यानंतरच बांध काढा. कडेला रेझिन टेपवर किंचित चढलेलं असतं, ती धार ब्लेडने आणि ओल्या पॉलिश पेपरने, ४०० पासून वर जात, बसवून टाका.

एखादी जागा चिकटच राहिली तर तिथे मिश्रण नीट झालं नव्हतं. चिकटपणा हलका असेल तर अल्कोहोलने पुसून नीट मिसळलेला पातळ थर वर द्या. बोट रुतत असेल तर खरवडून काढण्यावाचून इलाज नाही. ते महिन्यानंतरही घट्ट होणार नाही.

काठावर तेलकट रेष चढली असेल तर मॅट वार्निश आणि वर वस्त्रगाळ मातीची चिमूट. लगेच लपते.

लहरी

आत्तापर्यंतचं पाणी साचलेल्या टाकीसारखं सपाट आहे. वाहतं करायचं ते ग्लॉस जेल मीडियमने, इपॉक्सीने नाही. चित्रकलेच्या दुकानात मिळतं. लावताना दुधाळ, सुकल्यावर पारदर्शक.

उंचीचं भान ठेवा. एचओमध्ये १ सेंटिमीटरची लाट म्हणजे ८७ सेंटिमीटर, ती समुद्राला ठीक. पऱ्यावर अर्धा-पाऊण मिलिमीटर खूप झालं. अर्धा इंची सपाट ब्रश घ्या, जेल पातळ पसरा आणि ब्रश उभा धरून थोपटा. डोहात जवळजवळ काही नको, उथळ जागी दगडांमधून जास्त. खांबाच्या वरच्या अंगाला, प्रवाह येऊन आदळतो तिथे, पाणी किंचित फुगतं. त्यामागे दोन्ही बाजूंनी तिरप्या रेषा फाकत जातात आणि मधे संथ पाणी राहतं. हे एवढं केलं की प्रवाहाची दिशा आपोआप कळते. सगळ्या दगडांच्या रेषा एकाच दिशेला हव्यात, हेही बघा.

जाड थर एकदम लावू नका, दमट हवेत आतला दुधाळपणा जात नाही. दोन-तीन पातळ हात द्या. शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशवर पांढरा रंग घेऊन फक्त दगडांच्या टप्प्यावरच्या लहरींच्या माथ्यांना स्पर्श करा. पांढरा कमीच. ऑक्टोबरचा पऱ्या फेसाळत नाही.

आता काठाचं गवत, केवडा, करंजाची फांदी लावा, आणि पाण्यावर पाच-सहा सुकी पानं, तीही प्रवाहातून बाजूला, आडोशाला साचलेली.

सांभाळणं

उन्हाने इपॉक्सी पिवळी पडते. यूव्ही स्टॅबिलायझर असलेली सावकाश पिवळी पडते, एवढंच. मांडणी खिडकीसमोर असेल तर पडदा लावा. घरात वापरायच्या बऱ्याचशा इपॉक्सी ५०-६० अंशांच्या आसपास मऊ व्हायला लागतात, त्यामुळे विदर्भात पत्र्याच्या माळ्यावर मे महिन्यात मांडणी ठेवू नका, आणि नदीवर गरम सोल्डरिंग आयर्न तर टेकवूच नका. धूळ काढायला किंचित ओलं मायक्रोफायबर फडकं. कोरडं फडकं बारीक ओरखडे पाडतं.

मांडणी दोन-तीन तुकड्यांत उघडणारी असेल तर रेझिन सांध्यावरून कधीही सलग ओतू नका. प्रत्येक तुकड्याला आपापला बांध, आपापलं पाणी. सांधा पुलाच्या सावलीत येईल अशी आखणी केली तर तो नजरेत भरत नाही.

पुलावरचे रूळ पुसायला आपण आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरतो. त्याने इपॉक्सीला काही होत नाही, पण वरचं जेल अ‍ॅक्रिलिक आहे, ते अल्कोहोलने मऊ आणि पांढुरकं पडतं. पुलावर रूळ पुसताना खाली कागद धरा आणि फडकं ओलं करून पिळून घ्या, बाटली पुलावर नेऊ नका.